घरात शिंगवाला देव आला तर?



पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून शनिवारी वाचा. पण तुम्ही इंग्लंड-अमेरिकेत राहत असाल आणि घरात बारा ते अठरा वयाचं मूल असेल, तर वाचा नक्की.

कधीतरी मुलाच्या वहीवर, फोनच्या कव्हरवर किंवा मुलीच्या गळ्यात तुम्हाला एक आकृती दिसेल. अंग माणसाचं, डोक्यावर हरणाची फांदेदार शिंगं. तुम्ही विचाराल, हे काय गं? उत्तर येईल, ‘हॉर्न्ड गॉड’. आणि मग जरा थांबून, ‘आई, विक्का म्हणून एक धर्म असतो. मला तो पटतो.’ तुम्ही रात्री फोनवर शोधाल, पहिल्याच ओळीत ‘विच’ दिसेल आणि पोटात गोळा येईल. चेटकीण, करणी, काळी जादू, सैतान, सगळं एकदम डोक्यात येईल.

आमच्या घरी हे गेल्या वर्षी झालं. लेक पंधरा वर्षांची. नवरा म्हणाला, हे घरात चालणार नाही. मी म्हटलं, थांब, आधी कागद बघू.

मी सीए आहे. धर्माची अभ्यासक नाही. पण वीस वर्षं एकच काम केलंय: कुणी आकडा सांगितला की तो आला कुठून ते शोधायचं. तेव्हा लेकीला सांगितलं, तुझा हा देव आपण दोघी मिळून तपासू. दर रविवारी तासभर. तो खोटा ठरवण्यासाठी नाही आणि खरा ठरवण्यासाठीही नाही. कुठली नोंद किती सालची आहे, एवढंच बघायचं. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते, म्हणजे तुमचे काही रविवार वाचतील.

विक्का म्हणजे काय

हा धर्म दिसतो पुरातन, पण आज ज्या रूपात आहे त्या रूपात तो आपल्या आजीच्या वयाचा आहे. जेराल्ड गार्डनर (१८८४ ते १९६४) हा इंग्रज माणूस. तरुणपणी सिलोनला चहाच्या मळ्यात, मग मलायात कस्टम्स खात्यात नोकरी. निवृत्त होऊन इंग्लंडला परतला. त्याचं म्हणणं असं, की १९३९ साली न्यू फॉरेस्ट भागात एका जुन्या गुप्त मंडळानं त्याला दीक्षा दिली. इंग्लंडातला १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनरचं ‘विचक्राफ्ट टुडे’ आलं. तिथून हा धर्म उघडपणे वाढला. त्यातली बरीच प्रार्थना-पद्धती डोरीन व्हॅलिएंट या बाईंनी लिहिली. ब्रायटनला त्यांच्या राहत्या इमारतीवर आज निळी पाटी आहे.

श्रद्धा थोडक्यात अशी. एक देवी, तिचं नातं चंद्राशी. एक देव, त्याला शिंगं. तो रानाचा, प्राण्यांचा, शिकारीचा आणि मरणाचाही. वर्षात आठ सण. डिसेंबरात सर्वांत लहान दिवस असतो तेव्हा देव जन्मतो, उन्हाबरोबर वाढतो, कापणीनंतर सरतो, पुन्हा जन्मतो. म्हणजे ऋतूंचं चक्रच देवाच्या आयुष्यासारखं सांगितलंय. यात सैतान नाही. सैतान हे ख्रिस्ती गोष्टीतलं पात्र, आणि विक्कावाले ती गोष्टच मानत नाहीत. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ७४,००० लोकांनी धर्म ‘पेगन’ लिहिला आणि सुमारे १३,००० जणांनी ‘विक्का’. त्यात शिक्षक, नर्स, आयटीवाले सगळे असणार. कदाचित तुमच्या ऑफिसातला कुणीतरीही.

देव किती जुना?

हा प्रश्न लेकीसाठी सर्वांत महत्त्वाचा होता. ‘आई, हा देव हजारो वर्षांचा आहे,’ हे ती ज्या अभिमानानं सांगायची, तो अभिमान मला ओळखीचा होता. आपणही आपल्या सगळ्या गोष्टी पाच हजार वर्षांच्या म्हणून सांगतोच की.

तर नोंदी बघू. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चखाली अठराव्या शतकाच्या सुरुवातीला एका जुन्या खांबाचे दगड सापडले. रोमन सम्राट टायबेरियसच्या काळातले, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचे. उभारला कुणी? सीन नदीवर माल वाहणाऱ्या नावाड्यांच्या संघानं! त्यावरच्या एका चेहऱ्याला दाढी आहे, डोक्यावर शिंगं आहेत, शिंगांना कडी अडकवलेली आहेत आणि वर नाव कोरलंय: केर्नुनोस. शिंगवाल्या देवाची ही नावानिशी पक्की नोंद. आता तो खांब पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयात आहे. फ्रान्समध्येच रॅन्सला एक कोरीव दगड आहे, त्यात असाच शिंगवाला मांडी घालून बसलाय आणि पिशवीतून नाणी की धान्य ओततोय. धंदेवाल्यांचा देव! मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिसरी वस्तू डेन्मार्कमधली. १८९१ मध्ये गुंडेस्ट्रुप इथल्या दलदलीत चांदीचं मोठं भांडं सापडलं. त्यावर शिंगवाला मांडी घालून बसलाय, एका हातात गळ्यातलं कडं, दुसऱ्या हातात साप, भोवती जनावरं. चित्र बघाल तर तुम्हाला मोहेंजोदडोची ती प्रसिद्ध मुद्रा आठवेल, शिंगांचा मुकुट घातलेली, जिला ‘पशुपती’ म्हणतात. लेकीला आठवलीच. ‘आई, सेम आहे!’

मी म्हटलं, सेम दिसतंय. दोन्हींत दोन हजार वर्षांचं आणि हजारो मैलांचं अंतर आहे. सिंधू लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही. दोन कंपन्यांचे लोगो सारखे दिसले म्हणून मी दोघींचा ताळेबंद एकत्र करत नाही. मधल्या व्यवहाराची एक तरी पावती लागते. (‘आपलीच संस्कृती तिकडे गेली’ वाले फॉरवर्ड तयार ठेवलेल्यांनी ही ओळ पुन्हा वाचावी.)

आणि केर्नुनोसबद्दल एवढंच उरलंय: नाव, चेहरा, मांडी, शिंगं. त्याची एकही कथा कुणी लिहून ठेवलेली नाही.

इंग्लंडातली शिंगं

आम्ही स्लाऊला राहतो, विंडसर शेजारीच. विंडसरच्या रानात हर्न नावाचा शिंगवाला शिकारी भूत होऊन फिरतो अशी गोष्ट इथे सगळ्यांना माहीत असते. विक्कातले पुष्कळ लोक त्याला शिंगवाल्या देवाचंच रूप मानतात. त्याची सर्वांत जुनी नोंद शेक्सपिअरच्या ‘मेरी वाइव्ज ऑफ विंडसर’ मध्ये आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरचं नाटक, तेही विनोदी. त्याआधीची पाटी कोरी.

स्टॅफर्डशरमध्ये ॲबट्स ब्रॉमली गावात दर सप्टेंबरात एका सोमवारी शिंगांचा नाच होतो. सहा जण रेनडिअरच्या शिंगांच्या सहा जोड्या घेऊन दिवसभर गावभर नाचतात. सर्वांत जड जोडी अकरा किलोंच्या घरात. बरोबर विदूषक, धनुष्यवाला आणि बाईच्या वेषातला एक गडी. शिंगांची कार्बन चाचणी झाली, ती अकराव्या शतकाच्या आसपासची निघाली. शिंगांसह नाचाची पहिली लेखी नोंद मात्र १६८६ ची. आणि ही शिंगं वर्षभर ठेवतात कुठे? गावच्या चर्चमध्ये, भिंतीवर टांगून! सैतानाची वस्तू चर्चनं अशी सांभाळून ठेवली असती का, हे तुम्हीच सांगा.

मग हे सगळे एक कुणी केले?

केर्नुनोस, हर्न, ग्रीकांचा बकरपाया पॅन, सगळे मिळून एकच प्राचीन देव, हे जोडकाम केलं मार्गारेट मरे यांनी. जन्म १८६३, कोलकाता. हो, आपल्याकडचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इजिप्तचा इतिहास शिकवणाऱ्या मोठ्या विदुषी. १९२१ आणि १९३१ च्या दोन पुस्तकांत त्यांनी मांडलं, की युरोपात चेटकिणी म्हणून ज्यांना मारलं ते लोक एका जुन्या धर्माचे होते आणि खटल्यांत ज्याला ‘सैतान’ म्हटलंय तो त्यांचा शिंगवाला देव. १९२९ मध्ये ब्रिटानिका विश्वकोशात चेटूकविद्येवरची नोंद त्यांनीच लिहिली, त्यामुळे हे मत घरोघर पोचलं. गार्डनरच्या पुस्तकाला प्रस्तावनाही त्यांचीच.

पुढे इतिहासकारांनी मूळ खटल्यांचे कागद काढून ताडून पाहिले. मरेबाईंनी जबान्यांतला सोयीचा भाग घेतला होता आणि हवेत उडण्यासारखा अशक्य भाग गाळला होता. शिवाय कितीतरी जबान्या छळ करून घेतलेल्या. आर्टिकलशिपला असताना आमचे सर सांगायचे, दहा व्हाउचरांतली तीन जुळली म्हणून फाइल पास करू नका, उरलेली सात का लपवली ते विचारा. तेच इथे. ब्रिस्टलचे प्राध्यापक रोनाल्ड हटन यांनी १९९९ च्या ‘ट्रायम्फ ऑफ द मून’ मध्ये हा हिशेब सविस्तर मांडलाय. गंमत म्हणजे हटन विक्काची टिंगल करत नाहीत. इंग्लंडनं जगाला दिलेला हा एकमेव धर्म, असंच ते म्हणतात. जुना नाही म्हणजे खोटा, असं त्यांच्या मनातही नाही.

हे वाचून लेक दोन दिवस गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणजे माझा देव सत्तर-ऐंशी वर्षांचा?’ मी म्हटलं, शिंगं जुनी, जोडणी नवी. संतोषीमातेचे शुक्रवार माझ्या आईच्या पिढीत घरोघर पसरले, म्हणून ते करणाऱ्या बायकांची श्रद्धा खोटी होती का?

आणि सैतान कुणी केला?

मरेबाईंनी सगळे शिंगवाले एका खात्यात टाकून एक देव केला. तेच काम त्यांच्या कितीतरी आधी उलट्या बाजूनं झालं होतं: सगळे शिंगवाले एका खात्यात टाकून एक सैतान. बायबलात सैतानाला बकऱ्याचे खूर कुठेच दिलेले नाहीत. ते रूप मध्ययुगातल्या चित्रांत पक्कं होत गेलं आणि त्यात पॅनची छाया अनेक अभ्यासकांना दिसते. मुलं ज्याला ‘बॅफोमेट’ म्हणतात, तो बकऱ्याच्या डोक्याचा, पंखवाला, शिंगांच्या मधे मशाल असलेला, ते तर १८५० च्या दशकात एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढवाद्यानं काढलेलं चित्र. केर्नुनोसशी त्याचं काही नातं नाही.

या खतावणीची किंमत माणसांनी मोजली. युरोपात चेटकाच्या आरोपावरून चाळीस ते पन्नास हजार माणसांना मारलं, बहुतेक बायका. आपण नुसतं हळहळायला नको. डाकीण ठरवून बायकांचा छळ आपल्याकडेही होतो. म्हणूनच २०१३ मध्ये महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला.

आता ज्याच्यासाठी मी ही पोस्ट लिहायला घेतली ती गोष्ट. लुडोविको दी वार्तेमा नावाचा इटालियन प्रवासी कालिकतला आला. १५१० मध्ये त्याचं प्रवासवर्णन छापलं गेलं. त्यात तो लिहितो, की इथला राजा देवळात सैतानाची पूजा करतो. त्या मूर्तीचं वर्णनही देतो: डोक्यावर मुकुट, चार शिंगं, मोठं तोंड, सुळे. पुढे युरोपातल्या पुस्तकांत हिंदू देव म्हणून तसलीच शिंगवाली राक्षसं छापली जात राहिली. पार्थ मित्तर यांनी १९७७ मध्ये या विषयावर आख्खं पुस्तक लिहिलंय.

म्हणजे मंडळी, ज्या खात्यात तो शिंगवाला टाकला होता, त्याच खात्यात आपले देवही टाकले होते. ‘सैतान’ हा शब्दसुद्धा आपला नाही, अरबीतून आलाय. दुसऱ्याकडून आलेला शब्द, तोही एकदा आपल्याच देवांवर वापरला गेलेला. तो मी माझ्या मुलीच्या देवावर का वापरू?

हे नुसतं पुस्तकी राहिलं नाही. शाळेतून फोन आला. दागिने घालायचे नाहीत हा शाळेचा नियम, तो मान्य. पेंडंट घरी राहील म्हटलं. पण बोलता बोलता ‘सेटॅनिक’ हा शब्द आला. मी आवाज न चढवता सांगितलं, की इथल्या २०१० च्या समानता कायद्यात श्रद्धेला संरक्षण आहे, तेव्हा हा शब्द लेखी पाठवणार असाल तर विचार करून पाठवा. लेखी आलं त्यात फक्त दागिन्यांचा नियम होता. लेक जिन्यात बसून ऐकत होती. त्यानंतर ती मला जरा जास्त सांगायला लागली.

आजीचा प्रश्न

उन्हाळ्यात सासूबाई आल्या. सातारा जिल्ह्यातल्या, शेतीवाल्या. मला धाकधूक होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी विचारलं, ‘काय गं ते गळ्यात?’ लेक तिच्या तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाली, ‘आजी, हा जंगलाचा देव आहे. प्राण्यांना सांभाळतो.’

आजी म्हणाल्या, ‘म्हणजे आपल्या बांधावरच्या म्हसोबासारखा. ह्याला नारळ चालतो का?’

लेकीनं मग म्हसोबाबद्दल इतके प्रश्न विचारले, की तिनं आपल्या शेताबद्दल जन्मात विचारले नव्हते. बांधावरचा शेंदूर लावलेला दगड, पेरणीआधीचा नारळ, कोंबडं, सगळं. मग मी कोसंबींचं सांगितलं. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याभोवतीच्या गावांतून पायी फिरले, दगड-देवळं पाहिली आणि म्हसोबाचं नातं महिषासुराशी लावलं. म्हणजे ज्याला देवीनं मारलं म्हणून आपण नवरात्र करतो, तोच बांधावर शेत राखतो. एकाचा राक्षस तो दुसऱ्याचा राखणदार, आणि कधी कधी एकाच घरात दोन्ही.

लेक उड्या मारायला लागली, ‘म्हणजे म्हसोबा हाच हॉर्न्ड गॉड!’ तिथे मात्र मी थांबवलं. नाही बाळा. म्हसोबा म्हशीचा, केर्नुनोस हरणाचा. एक आपल्या बांधावरचा, एक पॅरिसच्या नावाड्यांचा. नाव वेगळं, गाव वेगळं, भक्त वेगळे, तेव्हा खातीही वेगळी. आजीनं ‘सारखा’ म्हटलं, ‘तोच’ नाही म्हटलं. शेजारच्याच्या देवाला नारळ चालतो का हे विचारायला तो आपलाच असावा लागत नाही.

आम्ही घरात काय ठरवलं

शिंगांना घाबरू नका, पण डोळेही मिटू नका. तीन गोष्टी मी ठामपणे विचारते, आणि त्या कुठल्याही बाबा-बुवालाही लागू आहेत.

पैसा: कुणी दीक्षेचे, शिकवण्याचे, ‘शाप काढण्याचे’ पैसे मागतंय का? गार्डनरच्या परंपरेत दीक्षेचे पैसे घेत नाहीत. मागितले तर तो धंदा.

वय: जबाबदार मंडळं अठराच्या आतल्यांना सहसा दीक्षा देत नाहीत. पंधरा वर्षांच्या मुलीला कुणी मोठा माणूस ‘तुला देतो’ म्हणाला, तर प्रश्न धर्माचा नाहीच, तो सुरक्षिततेचा आहे.

गुपित: ‘आईवडिलांना सांगू नकोस’ हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल त्याच्याशी संबंध बंद. तो शिंगवाला असो की टिळेवाला.

लेकीनं तिन्ही मान्य केलं. ऑनलाइन ओळखलेल्या कुणाला एकटीनं भेटायचं नाही, मेणबत्ती लावली तर दार उघडं आणि झोपायच्या आधी विझवायची, हेही.

आणि जे सोपं नाही तेही लिहिते. यंदा गणपतीत ती आरतीला आली. टाळ वाजवला, पण ओठ मिटलेले. मी विचारलं नाही. दुखलं मात्र. परदेशात राहून वीस वर्षं आपण देवघर, मोदकाचा साचा, आरतीचं पुस्तक सगळं सांभाळतो ते कुणासाठी, असं मनात आलंच. नवऱ्याला अजूनही पटलेलं नाही, आणि त्याचं दुखणंही मला कळतं. पण आरतीच्या वेळी ती घरात होती, खोलीचं दार लावून बसलेली नव्हती. मोदकाच्या पाऱ्या तर यंदा माझ्याआधी तिच्याच सुबक झाल्या. पुढे ती काय मानेल ते मला सांगता येत नाही. ती मला येऊन सांगेल एवढं मात्र मी या वर्षात कमावलंय.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं काही चालू असेल तर खाली लिहा. नाव द्यायचं नसेल तर मला मेसेज करा, मी नाव काढून टाकेन. अमेरिकेतल्या आयांनी तिकडच्या शाळांचा अनुभव जरूर सांगा, तिथले नियम वेगळे असणार. आणि ज्यांच्या गावी म्हसोबा आहे त्यांनी त्याचा दगड कुठे आहे, कुठल्या दिवशी नारळ फुटतो ते लिहा. लेक वही करतेय. एका पानावर केर्नुनोस, एका पानावर म्हसोबा. पानं वेगळी ठेवलीत, मी बघितलंय.